झिंग्याचं वजन

हे गेले त्याला दोन वर्षं झाली होती, पण जेवायला येणं त्यांनी सोडलं नव्हतं.

रोज दिवेलागणीला मी त्यांची जर्मनची थाळी घरामागे सांदवाडीत बोरीच्या झाडाखाली ठेवायची. भात, वरण, असला तर मासळीचा रस्सा, सणासुदीला काही गोडाधोडाचं. ठेवली की पाठ फिरवायची, घराचं मागचं दार ओढून घ्यायचं आणि सकाळपर्यंत तिकडे बघायचं नाही. गेलेला माणूस जेवत असताना त्याच्याकडे बघू नये, तो लाजून अर्ध्या ताटावरून उठतो, असं माझी सासू सांगायची. तेरवीचं ताट, पितरांचं ताट सगळेच ठेवतात. मी रोजचं ठेवायला लागले, कारण ह्यांचं प्रेतच सापडलं नाही. भादव्यात वैनगंगा दुथडी चालली होती, हे अडकलेलं जाळं सोडवायला डोंगा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दोन कोस खाली रेतीवर डोंगा मिळाला. त्यात झिंगा एकटाच बसला होता, पाण्याकडे तोंड करून. मग जातवाल्यांनी पळसाच्या काड्यांचा पुतळा केला आणि घाटावर जाळला. काड्या जळल्या म्हणून नवरा गेला, हे मानायला मला काही जमलं नाही. त्या दिवसापासून मी घाटावर पाय ठेवला नव्हता.

झिंगा म्हणजे आमचं कुत्रं. आलापल्लीला जंगल खात्याचे कोणी साहेब होते, त्यांची बदली झाली आणि त्यांनी पामेरियनचं पिल्लू मागेच सोडलं. हे मासळी विकायला गेले होते, ते रिकाम्या टोपल्यात त्याला घालून घेऊन आले. पांढरं, कोळंबीसारखं वाकडं, तळहाताएवढं. ह्यांनीच नाव ठेवलं झिंगा. रात्रंदिवस ह्यांच्यासोबत. हे जेवायला बसले की तो समोर बसायचा, शेपटीने जमीन झाडत राहायचा आणि शेवटचा घास मिळाल्याशिवाय हलायचा नाही.

आता त्या झिंग्याचा भोपळा झाला होता. होळीच्या आधी आठ-दहा दिवस तो चालता चालता बसायला लागला. चार पावलं चालला की धाप लागायची. मी त्याला बाजाराच्या थैलीत घातलं आणि बसने चामोर्शीला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर रामटेके तरुण होते. समोर बैल बांधलेला, बाजूला बकरी, आणि मी मांडीवर हे पांढरं गाठोडं घेऊन बसलेली. एक म्हातारा मला म्हणाला की बाई, हे दूध किती देते. मी म्हटलं, तुमच्या म्हशीएवढंच, पण नुसतं डोळ्यांनी.

डॉक्टरांनी वजन केलं. नऊ किलो. साडेपाचच्या वर असायला नको होतं, म्हणाले. कानाला नळी लावून बराच वेळ छाती ऐकली. मग विचारलं, खायला काय देता? मी खरं ते सांगितलं. सकाळी दोन मुठी भात, संध्याकाळी दोन मुठी.

"हवा खाऊन कोणी फुगत नाई, बाई. घरी दुसरं कोण जेवू घालते याले?"

"कोणी नाई. घरी मी आणि हेच."

त्यांनी माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं. एवढंच म्हणाले की असंच राह्यलं तर याचा उन्हाळा निघत नाई. आमच्याकडचा उन्हाळा धडधाकट माणसाचा जीव घेतो, तिथे हा कुठला टिकणार. घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढं एकच होतं.

उपाशी मात्र ठेवू नका, त्यांनी तीन वेळा बजावलं. एकदम तोडलं तर भलतंच दुखणं लागेल. चार मुठी आहेत त्या आठवडाभर साडेतीन करा, मग तीन. मूठ नको, एकच वाटी ठरवा आणि तिनेच मोजा. भात कमी, उकडलेला भोपळा जास्त, काटे काढलेली बिनतेलाची मासळी. सकाळ-संध्याकाळ ऊन नसताना थोडं चालवा, जीभ बाहेर आली की थांबा. आठ दिवसांनी वजन करा, नेहमी एकाच तराजूवर. शंभर ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ. घाई केली तर कुत्रं जाईल आणि चरबी तशीच राहील.

तराजू माझ्याकडे होताच, मासळीचा. शनिवारच्या बाजारात मी एका पारड्यात झिंग्याला आणि दुसऱ्यात वजनं ठेवली की भोवती माणसं जमायची. झिंगा काय भाव लावला, असं कोणीतरी विचारायचंच. पहिल्या शनिवारी झिंगा उतरला नाही. उलट अर्धपाव वर चढला.

मी माझ्या जावेला, गिरजाला, धरलं. तिचं घर भिंतीला भिंत. तीच घालत असणार. गिरजा फणकारली. तिच्या घरी पोरांचीच तोंडं भरत नाहीत, ती माझ्या कुत्र्याचे लाड कशाला करेल. मग माझ्याकडे बघत जरा हळू म्हणाली, "सांदवाडीत पीठ टाकून पाहा, बाई."

तुम्हाला केव्हाच कळलं असेल. मला दोन वर्षं कळलं नव्हतं. खरं तर मी कळू दिलं नव्हतं. जिवंतपणी ताटात चार शितं सोडून उठणारा माणूस मेल्यावर थाळी चाटूनपुसून लख्ख करतो, एवढं दिसूनही मी म्हणायची, बिचारे नदीतून येतात, भूक लागत असेल.

आमच्यात माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून वर टोपलं झाकतात, आणि कोणाचं पाऊल उमटलं ते बघतात. ह्यांच्या वेळी पीठ कोरंच राहिलं होतं. प्रेत नाही तर पाऊल कुठून, असं म्हातारे म्हणाले. गिरजाला ते आठवत होतं. मी तांदळाचं पीठ थाळीभोवती पसरलं, आणि मनात म्हटलं, या, आता सगळ्यांना दाखवा.

सकाळी पिठात पावलं होती. चार बोटांची, लहान. दारापासून आलेली. पण ती सरळ थाळीपर्यंत गेली नव्हती. थाळीच्या दोन हात अलीकडे झिंगा बसला होता, बसल्याचा गोल ठसा होता. आणि त्या गोलामागे शेपटीने पीठ झाडून झाडून पंख्यासारखी जमीन उघडी पडली होती. चांगलाच वेळ बसला असावा. नंतरची पावलं थाळीकडे.

मी त्या पंख्याकडे बघत उभी राहिले. समोर कोणी जेवत असल्याशिवाय झिंगा असा बसत नाही. गिरजा भिंतीवरून डोकावली, तिनेही पाहिलं आणि आत गेली.

त्या संध्याकाळपासून मी झिंग्याला घरात घेऊन कडी घालायची. थाळी ठेवायची, पाठ फिरवायची. दाराआड त्याची शेपटी जमिनीवर आपटायची, थप, थप, थप. थोड्या वेळाने थांबायची. सकाळी थाळी भरलेली आणि भातावर मुंग्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या. तिसऱ्या दिवशी मुंग्या. चार दिवसांत झिंगा पावशेर उतरला असेल आणि माझा नवरा दुसऱ्यांदा मेला.

होळीला मी पुरणपोळ्या केल्या. ह्यांच्या थाळीत दोन वाढल्या, वर तूप. आणि कडी घातली नाही. विसरले, असं मी गिरजाला सांगितलं. विसरले नव्हते. मला फक्त एकदा, सणाच्या दिवशी, रिकामी थाळी बघायची होती.

सकाळी थाळी आरशासारखी होती. बरं वाटलं, खोटं सांगत नाही, डोळे भरून आले. मग बोरीच्या मागे झिंगा दिसला. पाय फाकवून पडलेला, जीभ निळसर, पोट भात्यासारखं हलत होतं. बाहेर धुळवड चालली होती. मी त्याला ओल्या धडप्यात गुंडाळलं आणि रंगलेल्या माणसांमधून बस गाठली. अख्ख्या वाटेत मी त्याच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजत होते. मध्ये एक ठोका चुकला की माझाही चुकायचा.

डॉक्टरांनी सुया टोचल्या. दुपारपर्यंत तिथेच ठेवून घेतलं. श्वास जाग्यावर आला तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं, थाळी, पीठ, कडी. ते हसले नाहीत.

"मी हे मानत नाई, बाई. आमच्या घरी कोणीच मानत नाई." मग हात धुता धुता म्हणाले, "पण एक सांगा. माणूस नदीत गेला, तर तुम्ही जेवण सांदवाडीत काऊन ठेवता? त्याले एवढ्या दूर चालवता, आणि याले घरबसल्या मारता."

परतीच्या बसमध्ये मला त्यांचा राग आला. गाव येईपर्यंत तो राग कोणावर ते कळेनासं झालं.

त्या दिवसापासून थाळी मी घासून फळीवर ठेवली. संध्याकाळी झिंग्याला घेऊन निघायचं. पहिला आठवडा हातपंपापर्यंत, तिथे तो बसायचा, मीही बसायची. मग शाळेपर्यंत. मग पिंपळापर्यंत. बाजारात आठ किलो सातशे झाला, मग साडेआठ. चैत्रात एकदा काटा जागेवरच अडला तर मी वाटीतला भात कमी न करता पावलं वाढवली, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. वैशाखात तापलेल्या जमिनीला हात लावून बघायचा, चटका बसला तर निघायचंच नाही. ज्येष्ठ लागला तेव्हा तो साडेसात किलोवर आला होता, मानेखालचं हाड हाताला लागत होतं, आणि पिंपळाशी थांबायला तयार नव्हता. मला ओढत घाटाकडे निघाला.

मी पळसाच्या पानावर एक मूठ भात बांधून घेतला होता. कधीतरी हे व्हायचंच, म्हणून रोजच घेत होते आणि रोज परत आणत होते.

ऊन उतरलं होतं. नदी बारीक झालेली, मधोमध रेती. ह्यांचा डोंगा काठावर पालथा पडलेला, तळाला भेग. मी पाण्यालगतच्या दगडावर पान उघडून ठेवलं. झिंगा दोन हात अलीकडे बसला. बसला आणि रेतीवर त्याची शेपटी हलायला लागली, या बाजूला, त्या बाजूला.

मी पाठ फिरवली. त्याला म्हटलं, झिंग्या, बघू नको. तो कशाला ऐकतो. मागे रेती झाडल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तो थांबला. पाण्यात काहीतरी हललं. मग झिंगा येऊन माझ्या पायाला टेकून उभा राहिला. मी खाली बसून त्याचं तोंड हुंगलं. भाताचा वास नव्हता.

मागे वळून न बघता आम्ही घरी आलो. आता रोज जातो. दुसऱ्या दिवशी गेलं की दगडावर पानही नसतं. मासे नेतात, गिरजा म्हणते. नेत असतील, मासळीवरच आमचं घर चाललं, त्यांचंही थोडं चालू दे.

त्या शनिवारी मी झिंग्याला पारड्यात ठेवलं. शंभर ग्रॅम उतरला होता. पुढच्या शनिवारी आणखी शंभर. त्याने खाल्लेलं नाही, एवढं तराजू सांगतो.