एकोणतीसचा तीस

माजलगाव भागातल्या एका साखर कारखान्याच्या नव्या गेटवर माझ्या बायकोचा आवाज तुटायला लागला, तेव्हा तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

उसाच्या गाड्यांना नंबराने वजनकाट्यावर बोलवायला कारखान्याने कॉम्प्युटर आणि भोंगे बसवले होते. काम माझं होतं. अंबाजोगाईला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आवाज मल्लम्माचा. ती बालवाडीत आकडे शिकवायची. मराठीत शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा, जोडून भागत नाही, म्हणून सगळे तिच्याकडून म्हणवून रेकॉर्ड करून घेतले. घरी तिचे फोटो आहेत. आवाज एवढाच. तो कपाटात पडण्यापेक्षा तिथे कामाला येत होता, हे मला बरं वाटायचं.

जुन्या गेटवर विंडोज ९५ होतं. साउंड कार्डाने काय करायचं ते त्याला सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मीच लिहिला होता. बिनतक्रार चालला. यंदा नव्या गेटवर ९८ आलं. जुना ड्रायव्हर तिथे चालेना, म्हणून मी दुसरा लिहिला. आवाज आला, पण प्रत्येक आकड्याचं तोंड कापलेलं. एकोणतीस लावलं की ऐकू यायचं ‘तीस’. एकतीसचं तीस. पस्तीसचंही तीसच.

दोन बैलगाड्या काट्याच्या तोंडाशी अडकल्या.

“माजा पुकारा झालाय, मधी कावून घुसलास बे?” बंकट गाडीवान ओरडला.

“तुजा एकोणतीस हाय. बाई तीस म्हणली.”

“बाई कायबी म्हणंल. येड लागलंय तिला!”

“दात पडले आसतील म्हातारीचे,” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं यार्ड हसलं.

ती म्हातारी झालीच नव्हती. मला त्या हसण्याची किळस आली.

यार्डाचे सुपरवायझर बद्रीनाथ आले. “गुंडप्पा शेठ, उद्या सकाळपर्यंत नीट करा. न्हाई तर चेअरमन सायबांची पुतणी हाय, वर्षाराणी. आवाज लई गोड हाय तिचा. तिला बसवतो माइकसमोर.”

“बिघाड आवाजात न्हाई साहेब, कार्डात हाय.”

“ते मला काय कळतंय? बाई बदला, मिटलं.”

बल्ब बदला म्हणावं तसं म्हणाले.

मी केबिनमध्ये बसलो. मळीचा वास नाकातोंडात जात होता. दोष ९८चा नव्हता. ते वापरात नसलेलं कार्ड झोपवतं, आणि काम आलं की ड्रायव्हरमार्फत विचारतं, तयार आहेस का? हे कार्ड झोपेतूनच ‘हो’ म्हणायचं. मग जागं होईपर्यंत जे वाजेल ते गेलं. ९५वर मी कार्डाला झोपूच दिलं नव्हतं, म्हणून ही खोट कधी दिसली नाही. ९८वर झोप बंद करायची तर कार्डाच्या आतली माहिती हवी. कार्ड बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला.

“सर, रिस्टार्ट करून बघितलं का?”

“तुमचं कार्ड खोटं बोलतंय. त्याची माहिती द्या, मी ड्रायव्हर दुरुस्त करतो.”

“ती कॉन्फिडेन्शियल असते, सर. ९५वर चालतंय ना? मग ९५च वापरा.”

काट्याचा नवा हिशेब ९८शिवाय चालत नव्हता. तेही सांगितलं. त्याने “थँक यू फॉर कॉलिंग” म्हणून फोन ठेवला. विकताना गोड बोलले होते. कार्डाचा रिकामा खोका मी मळीच्या नालीत फेकला.

ड्रायव्हरमध्ये आकड्याआधी क्षणभराचा थांबा घालून पाहिला. उपयोग नाही, खरा आवाज मिळाल्याशिवाय कार्ड जागंच होत नव्हतं. म्हणजे आकड्याच्या आधी त्याला दुसरं काहीतरी खायला घालायचं. प्रामाणिक दुरुस्ती नव्हे, ठिगळ. मला त्याचाही वीट आला, पण सकाळी वर्षाराणी येणार होती.

आधी शिट्टीसारखा आवाज जोडला. नव्या गेटवर तो कार्डाने गिळला आणि आकडा अख्खा आला. पण दोन्ही गेटना ऑफिसातून आवाजाच्या त्याच फायली जायच्या. जुन्या गेटवर कार्ड जागंच असायचं, तिथे शिट्टी वाजली आणि बैल बुजले. बद्रीनाथ तिथूनच ओरडले, “बंद करा ते!”

मळीच्या वासाने माझा घसा धरला होता. मी खाकरलो. बैल खाकरण्याला बुजत नाहीत. मी माइक ओढला, पुन्हा खाकरलो आणि ते प्रत्येक आकड्याच्या आधी जोडलं.

सकाळी नव्या गेटवर स्वच्छ ऐकू आलं, “एकोणतीस.” बंकट गाडी घेऊन सरळ काट्यावर गेला. कुणी भांडलं नाही. वर्षाराणीला येऊ नको म्हणून निरोप गेला.

जुन्या गेटवर मात्र आधी मी खाकरलो, मग मल्लम्मा बोलली.

आमच्याकडे पुरुषमाणूस घरात शिरताना खाकरतो, आतल्या बायकांना कळावं म्हणून. मीही तसाच शिरायचो. गाडीवानांनी ते लगेच ओळखलं.

“धनी आले बगा घरात!”

“आन् आले की बाईला कामालाच लावतेत!”

पुन्हा सगळं यार्ड हसलं. बद्रीनाथ माझ्याकडे आले. “शेठ, ते खाकरणं काढा तेवढं. लोक हसायलेत.”

“कुणाला हसायलेत? तिला?”

“तिला कशाला? तुमाला!”

“मग राहू द्या,” मी म्हणालो.