धाकलीचा दोर

जैनथच्या अलीकडच्या एका गावात, चारी बाजूंनी कपाशी आणि समुद्र शेकडो मैल लांब असताना, चंपतरावांच्या अंगणात घराच्या लाकडी खांबापासून कडुनिंबापर्यंत मनगटाएवढा जाड दोर बांधलेला होता. तो नौदलाच्या बंदरातल्या एका टगचा, म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलत-ओढत धक्क्याला लावणाऱ्या छोट्या बोटीचा. कागदावर तिला नुसता नंबर होता. माणसं तिला धाकली म्हणत. चंपतरावांची सगळी नोकरी तिच्यावर गेली आणि निवृत्त होताना त्यांनी हा दोर मागून आणला.

तिचा इतिहास लिहायला मी गेलो तो रागानेच. युद्धनौका निवृत्त झाली की बँड वाजतो, संग्रहालय होतं, आमचे संपादक पान राखून ठेवतात; पण साखळी तुटलेलं जहाज भर वादळात खडकांपासून रेटून धरणारी, बाहेर नांगरलेल्या जहाजांना गोडं पाणी पोचवणारी, बुडालेल्यांची प्रेतं घेऊन येणारी धाकली कुणालाच आठवत नाही. माझी उभी हयात असल्या विसराळूपणाशी भांडण्यात गेली, आणि आता भांडायचाही शीण येतो.

सकाळचं ऊन पुढच्या दारातून थेट माझ्या चहाच्या कपावर पडलं होतं. चंपतराव बोलता बोलता उठले, खांबावरचा पीळ जरा सैल करून परत बसले.

"भरती हाय," ते म्हणाले. "पानी चढते तसा दोर ढिला करा लागते. नाहीतं तुटते."

"पाहून घ्या भाऊ," त्यांच्या पत्नी कुसुमबाई मला म्हणाल्या. "पोरीचं लगन तोंडावर आलं. मांडव कुठं घालू? गाव हासते, म्हन्ते यायनं घराले दावं लावलं, पळून जाईन म्हनून."

"पलीकडून 'सोडा' असा हुकूम आल्याबिगर दोर सोडत नसतेत," चंपतराव शांतपणे म्हणाले. "धाकली कुठं हाय ते कळू दे."

आपल्या अंगणातच लग्न व्हावं, एवढी एकच मागणी त्यांच्या रंजीताने केली होती. बोटीचा पत्ता काढून देतो, असं मी कबूल केलं. निघताना सहज दोराला हात लावला. आत्ताच सैल केलेला तो दोर तारेसारखा ताणलेला होता, आणि खांब किंचित करकरत होता.

मग कितीतरी दिवस मी बंदराच्या कचेरीशी फोनवर भांडलो. त्या बोटीची चौकशी कुणी करतं याचंच तिथे सगळ्यांना हसू येत होतं. शेवटी एकाने कंटाळून सांगितलं, ती फार पूर्वीच भंगारात निघाली, तिचं लोखंडसुद्धा वितळवून झालं. मी गावी जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

चंपतरावांनी ताणलेल्या दोरावर हात ठेवला.

"म्हंजे त्या टोकाले कोनीच नाही."

"कुणीच नाही."

"मंग हे ओढून कोन राह्यलं?"

कुसुमबाई दारात उभ्या होत्या, त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मी दमलो होतो.

"सोडा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, सवयीच्या हातांनी पीळ उलगडला. दोर जमिनीवर पडला. बाकी काही झालं नाही.

लग्नाच्या सकाळी अंगणात ऐसपैस मांडव उभा होता, सनई वाजत होती, कुसुमबाई सगळ्यांना आग्रह करत फिरत होत्या. मी आत, माझ्या पहिल्याच जागेवर बसलो. दारात गार सावली होती. ऊन मागच्या खिडकीतून आत येत होतं.

खांबाला तळवा लावून चंपतराव एकटे उभे होते.

"चंपतराव, तुमचं दार पूर्वेलाच होतं ना?"

"होतं," ते म्हणाले. "आता घर कुठं टेकते ते पाहू."

कुणीतरी माझ्यापुढे चहा ठेवला. जमीन सपाट होती. बशीतला चहा हळूच एका कडेला सरकला, तिथे थोडा वेळ थांबला, आणि परत दुसऱ्या कडेला आला.