तात्काळ नव्हे, तत्काळ

मुद्रणालयातले लोक तिथल्या एकुलत्या मुद्रितशोधकांना पाठीमागे ‘अनुस्वार’ म्हणत, कारण ते सगळ्यांच्या डोक्यावर बसत. हे त्यांच्या कानावर आले होते. परंतु नाव व्याकरणाला धरून असल्यामुळे त्यांनी हरकत घेतली नव्हती.

काचबिंदूने त्यांचा डावा डोळा केव्हाच गिळला होता. उजवा तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेने वाचला. आतले पाणी झिरपून जावे म्हणून डॉक्टरांनी वरच्या पापणीआड एक बारीक वाट करून ठेवली होती. वाचन, लेखन, पोटापाण्याचे काम, सारे या एका डोळ्याच्या जिवावर चालले होते.

शनिवारी सकाळी तो लाल झाला. आत्ताच्या आत्ता दाखवून येऊ, असे पत्नीने म्हणताच त्यांनी वाद मांडला. लाली उन्हाने येते, धुळीने येते. शब्दकोशाची शेवटची प्रुफे सोमवारी द्यायची आहेत. आणि तीन वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेशी आजच्या लालीचा संबंध जोडणे तर्काला सोडून आहे. वादात त्यांना हरवणे तिला चाळीस वर्षांत जमले नव्हते. रविवारी पापण्या चिपडांनी चिकटल्या, ठणका कानशिलापर्यंत गेला, अक्षरांवर साय धरली. तरी ‘ह’ची पाने संपवूनच ते उठले.

सोमवारी डोळा पाहताच डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. त्या वाटेनेच जंतू आत उतरले होते. कधीकधी ते काही वर्षांनंतरही उतरतात.

“काका, घरी जाताना सूचनांचा कागद दिला होता ना?”

कागद दवाखान्यातल्या त्यांच्याच फायलीत होता. तेव्हा अकरा चुका लाल शाईने दुरुस्त करून त्यांनीच तो परत पाठवला होता. बाईंनी वाचले: डोळा लाल झाल्यास किंवा दुखल्यास तात्काळ यावे. ‘तात्काळ’मधला काना खोडून समासात सुबक अक्षरांत ‘तत्काळ’ लिहिले होते.

“म्हणजे हे वाचलं होतं तुम्ही.”

“तपासलं होतं,” ते म्हणाले.

मजकुराच्या अर्थात गुंतले की चूक निसटते, म्हणून नजर अक्षरावरून ढळू द्यायची नाही, ही त्यांची उमेदवारीपासूनची शिस्त होती. पत्नी शेजारीच बसली होती. पण प्रथमच वाद घालायला समोर कोणी उरले नाही.

डोळ्यात इंजेक्शने झाली. पंधरा दिवसांनी खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढे कळू लागले. याहून अधिक काही दिसणार नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले.

घरी एका कादंबरीची प्रुफे येऊन पडली होती. ती पत्नी मोठ्याने वाचू लागली. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळेना. दर शब्दाला ते अडवत, “पहिली की दुसरी?” ती पाहून सांगे. तिसऱ्या पानावर तिचा घसा बसला.

“गोष्ट कशाची आहे?” त्यांनी विचारले.

“कुणास ठाऊक. मी वेलांट्याच बघतेय.”



“मग नुसतं वाच,” ते म्हणाले.

तिने पाने उलटी परतवली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.