बाथरूममधला कोको

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटीच्या एका फोनमुळे. "अगं ताई, माझ्या कोकोलापण फुलं आली की!" मागे बादली भरल्याचा आवाज. म्हणजे बाईसाहेब कपडे भिजवता भिजवता सांगत होत्या. फुलं आली म्हणे! जसा काही दूधवाला आला.

या दोघींच्या वडिलांचा जन्म गेला औषधाच्या दुकानात, काउंटरच्या मागे. कडू झाडांचं त्यांना भारी वेड. "चहा, कॉफी, कोको, सगळी एकाच जातकुळीची," ते म्हणायचे. "किडीनं खाऊ नये म्हणून अंगात कडू बाळगतात. त्या कडूला म्हणायचं अल्कलॉइड. आणि आपण वेडे त्याच कडूवर जीव टाकतो!" दुकान कायमचं सुटल्यावर एका ओळखीच्या खलाशानं त्यांना कोकोचं ताजं फळ आणून दिलं. बाबांनी बिया रुजवल्या आणि दोन्ही लेकींना एकेक रोप दिलं. फुलाचं फळ होताना रोजच्या रोज डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची हौस उरली होती.

थोरलीच्या झाडाला पहिल्या कळ्या आल्या तसे बाबा भाड्याची खोली सोडून, बॅग घेऊन तिच्याकडे राहायला आले. झाडासाठीच आले होते ते, तिच्यासाठी नव्हे. तेवढं तिला कळत होतं. पण एकट्या बाईला संध्याकाळी घरी आल्यावर "आलीस का गं?" असं विचारणारं कुणी असणं, याची किंमत ज्याची त्यालाच ठाऊक. आता फुलं धाकटीकडेही होती. फळ तिकडे आधी धरलं की बॅग तिकडे जाणार, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

थोरली कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला. बारीक ब्रशनं दातांना रंग द्यायची; तिचा दात खऱ्या दातांत बसला की ओळखून दाखवा. झाडही तिनं तसंच वाढवलं. दिवा ठरावीक उंचीवर, पाणी उकळून गार केलेलं, पानं ओल्या फडक्यानं पुसलेली. आणि धाकटी? पोहायला शिकवणारी ती. कुंडी बाथरूमच्या खिडकीखाली ठेवली आणि विसरून गेली. रोज गरम पाण्याची वाफ, वर ओले टॉवेल. तेच नेमकं झाडाच्या पथ्यावर पडलं. लालसर कोवळी पानं लोंबताहेत, खोडालाच चिकटून पांढरी फुलं! लहानपणापासून हे असंच. थोरलीनं घाम गाळायचा आणि धाकटीनं नुसतं हसायचं.

इकडे थोरलीची फुलं मात्र टपाटप गळत होती. बाबांचा हात थरथरायचा, म्हणून कामावर जायच्या आधी रोज तीच आपल्या बारीक ब्रशनं एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावायची. दुसऱ्या दिवशी फूल खाली. शेवटी रोपवाटिकेतल्या बाईनं उलगडा केला. "कोकोला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत हो. दुसऱ्या झाडाचे आणा."

दुसरं झाड! म्हणजे धाकटीचं. बाबांना हे सांगायचं म्हणजे त्यांना स्वतःच्या हातानं तिकडे पोचवायचं. थोरली मूग गिळून बसली. आणि रविवारी, ब्रश पर्समध्ये टाकून, "सहज आले गं" म्हणत धाकटीच्या दारात उभी राहिली.

बाथरूमची कडी लावून तिनं एकेका फुलात ब्रश फिरवला. हात जराही हलला नाही. घरी येऊन तोच ब्रश आपल्या फुलांना लावला आणि वाट बघत बसली.

फुलं गळली. एकूण एक.

मग पुन्हा धाकटीचा फोन. "ताई! फळ धरलंय! बोटाच्या पेराएवढं!"

थोरलीची नजर टेबलावरच्या ब्रशवर गेली. रविवारी सकाळी सवयीनं तिनं आपल्या झाडावर ब्रश फिरवला होता, आणि तोच न धुता नेला होता. आणायला गेली होती पराग, आणि देऊन आली! ज्या हाताचा कारखान्यात सगळ्यांना हेवा वाटतो, त्या हातानं फळ धरवलं ते धाकटीच्या घरी. अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या.

"आणि ऐक," धाकटी हसत होती. "हे तूच केलंयस ना? त्या दिवशी अर्धा तास आत होतीस आणि नळाचा थेंबभर आवाज नाही. मला कुठलं जमतंय असलं काही! तुझं फळ आहे, तू घेऊन जा. संध्याकाळी गाडीत घालून कुंडी आणून देते. बाबांनाही तुझ्याकडेच बरं."

म्हणजे देण्यातसुद्धा हिचाच नंबर पहिला! शिव्या देणारी बहीण परवडली असती. ही तर चोरी पकडते आणि वर चोरीचा मालही घरपोच करते. थोरलीला इतकी मत्सराची कळ आयुष्यात कधी आली नव्हती.

बाबा शेजारीच उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. चेहरा असा फुललेला की बघवेना. "इकडे आणतेय का गं ती?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. झाड येणार, बाबा राहणार, आणि पुढे फळ गेलं तरी ते कशानं, हे धाकटीला कळणारही नव्हतं. पण एवढंसं फळ गाडीचे धक्के खात आणि गार हवा सोसत इथवर आलं तर काळं पडून खोडावरच वाळणार, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

"हलवू नकोस," ती फोनवर खेकसली. "अजिबात हात लावू नकोस त्याला! आणि खिडकीची फट बुजव, मूर्ख!" मग बाबांकडे न बघताच म्हणाली, "तुम्हीच जा तिकडे. पिकेपर्यंत."

 बाबा लगबगीनं बॅग काढायला गेले, आणि ती लगबग तिला लागली.

बॅग तिनंच भरली. गोळ्या, चष्मा, भिंग, घड्या घातलेले शर्ट.

"स्वेटर?" बाबांनी विचारलं.

"तिच्याकडे वाफ असते, कशाला लागताहेत," ती म्हणाली, आणि त्यांचे सगळेच्या सगळे स्वेटर उचलून तिनं आपल्या कपाटात कोंबले. थंडी पडली की येऊ देत न्यायला.