पाहुण्यांसाठी अडलेलं पीठ

बेल्ह्याच्या समाजमंदिरात बाजरीच्या पिठाच्या दोनशे पिशव्या अठरा दिवस भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. प्रत्येक पिशवीवर शिदोरी मंडळाचं नाव, आणि त्याहून जरा मोठ्या अक्षरांत अध्यक्ष गेणभाऊंचं. वाट कुणाची, तर वाटपाच्या समारंभाला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांची. त्यांनी दोनदा तारीख दिली आणि दोनदा मोडली.

मंडळ तसं खरंच चांगलं. गावातून धान्य गोळा करायचं आणि आंबेगावच्या डोंगरात जिथं जिथं लोकांसाठी चूल पेटते, तिथं पोचवायचं. पगार कुणालाच नाही. टेम्पोसुद्धा गेणभाऊंच्या घरचा. डोंगरातल्या सरूबाई अशीच एक चूल चालवत. पोरं कामाला बाहेर गेलेल्या सव्वीस म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण घालत. तिकडची गिरणी बंद पडली, म्हणून यंदा धान्य दळूनच द्यायचं ठरलं होतं.

त्या पिशव्या बघून मंडळातली जया रोज चरफडायची. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं, हे गावातल्या कुठल्या बाईला ठाऊक नाही? तिनं तसं सुचवलंही होतं. गेणभाऊ म्हणाले, बॅनर लागलाय, दोन दिवसांनी काय बिघडतंय? आणि पाहुण्यांना ओवाळायचा मान त्यांनी जयालाच देऊन टाकला. खरं सांगायचं तर तिथं ती गप्प बसली. साडीला इस्त्रीही करून ठेवली. त्यामुळे तिचा निम्मा राग स्वतःवरच होता.

एकोणिसाव्या दिवशी सकाळच्या एसटीनं सरूबाईच येऊन थडकल्या. काखेत रिकामं पोतं. गेणभाऊ तेव्हा बॅनरवर तिसरी तारीख घालून घेत होते.

"या सरूबाई! गुरुवारी नक्की बघा," ते म्हणाले.

सरूबाईंनी एक पिशवी फोडली, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि जयाला परात मागितली. पिठाची विरी गेलेली. भाकरी थापतानाच चिरत होती. समाजमंदिरातल्याच चुलीवर कशीबशी भाजून त्यांनी ती गेणभाऊंपुढं ठेवली.

एक घास तोंडात गेला आणि गेणभाऊंचा चेहराच बदलला. त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला.

"तुमाला घरी जाऊन दुसरी खाता येईल, भाऊ," सरूबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडं दुसरी नसती. आठ दिस झालं, नुसती पेज चाललीय. म्हातारी धोंडाबाई रोज ईचारती, गाडी आली का? मी काय सांगू तिला? पावणं यायचेत, तवर कळ काढ?"

गेणभाऊ पुटपुटले, "आमी तर चांगल्यासाठीच केलं व्हतं."

"चांगल्यासाठीच. पर कुणाच्या?"

मग जया पुढं आली. "चूक माझीबी हाय, भाऊ. मला म्हाईत असून मी गप बसले. ओवाळायला मिळणार व्हतं ना."

गेणभाऊंनी उरलेली भाकरी खाली ठेवली. मग स्टुलावर चढून त्यांनी बॅनर स्वतःच्या हातानं सोडला. कडू पीठ म्हशींना गेलं. गेणभाऊंच्या घरच्या कणगीतली बाजरी बाहेर आली. ओवाळायचं ताट जयानं धान्य निवडायला घेतलं. शेजारी सरूबाई खडे वेचत होत्या. दुपारी गिरणीतून कोमट पिठाची पोती थेट टेम्पोत चढली. पोत्यांवर नाव कुणाचंच नव्हतं.

तेवढ्यात पाहुण्यांचा फोन आला. गुरुवारी नक्की येतो म्हणाले.

"या की," गेणभाऊ म्हणाले. "पुढच्या खेपेची पोती उचलायला माणसं कमीच हायती."

मंडळींनो, आपल्या गावातही असं एखादं मंडळ असेल, आणि त्यात आपणही असू. देण्याची हौस वाईट नाही. पण उपाशी माणसाला आपल्या सोहळ्यासाठी थांबवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? अन्न आलं त्या दिवशी निघालं पाहिजे. आणि ते अडलेलं दिसत असताना गप्प बसणं हेही अडवणंच असतं. जयाला हे अठरा दिवस उशिरा कळलं. आपल्याला तरी वेळेत कळावं.