दारातला पहारा

"गाडीचं मॉडेल बघून स्टार्टर आणलास, तिथंच फसलास," दाजी गाडीखालून ओरडले. "हा हिच्या चकतीला जन्मात बसायचा नाही."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाडी आमच्या वडिलांची, म्हातारी पण तोऱ्याची. एका मोठ्या गॅरेजात नवा स्टार्टर बसवून पाहिला, तर तो नुसता करकरला आणि 'भंगारात घाला' असा निकाल मिळाला. मग मुकाट्यानं गाडी ओढून इथं आणली. आधीच आणायची, पण दाजी हल्ली कुणाचं ऐकत नाहीत अशी तक्रार कानावर आली होती.

ताई नेहमीसारखी गॅरेजच्या दारात स्टुलावर शिवण घेऊन बसली होती. मिस्त्रीवर बायकोचा पहारा, अशी सगळी गल्ली थट्टा करायची. मीही करायचो.

दाजींनी इंजिनामागच्या दातेरी चकतीवर खडूची खूण केली आणि ती फिरवत एकेक दाता बोटाखालून घातला. "कुणीतरी गिअरबॉक्स बदलताना दुसऱ्याच गाडीची चकती टाकलीय. दाखवली एक, गळ्यात बांधली दुसरी!" अडगळीतून त्यांनी एक जुना स्टार्टर उपसला. त्याच्या पुढच्या चाकाचे दाते चकतीत असे बसले की मी थक्क झालो.

"मार चावी."

इंजिन सुरू झालं. "दाजी, जमलं की!" मी आनंदानं ओरडलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ते ताईकडे बघत होते.

"इंजिन लागायच्या आधी की नंतर?"

ताईची सुई थांबली होती. तिनं हाताचा पंजा पालथा केला.

"नंतर. म्हणजे दाते फार जवळ आलेत, सुटताना रडतात." ते पुन्हा गाडीखाली शिरले आणि स्टार्टरच्या बुडाशी पत्र्याची पातळ पट्टी सरकवू लागले. मला तर काहीच रडलेलं ऐकू आलं नव्हतं. आणि त्यांनाही नाही, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

"ताई, कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं. हळू बोल. बहिऱ्या मिस्त्रीच्या हातात कोण गाडी देईल? या कामाशिवाय जगायचे नाहीत ते."

"आणि तुला हे आवाज कळतात?"

"कान जाताहेत म्हटल्यावर त्यांनीच शिकवले. एकेक आवाज, मला रडू येईपर्यंत."

या दोघांपुढे हात जोडावेत असं वाटलं.

दुसऱ्यांदा चावी मारली. ताईची सुई पुन्हा चालू लागली, तसे दाजी हात पुसू लागले.

एवढ्यात समोरचा न्हावी दारात आला. "काय मिस्त्री, पहारा उठला नाही का अजून?"

दाजींची त्याच्याकडे पाठ होती.

"उठतोय कसला!" ताई हसत म्हणाली. "नजर हटली की पळतील."

न्हावी हसला, मीही हसलो. दाजींनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या मागून, जरा मोठ्यानंच, तेही हसले.