विहिरीकडची जुडी

कोथिंबिरीच्या पानाची कड आधी पिवळी पडायची, मग तपकिरी. देठ मात्र हिरवाच राहायचा. उज्वलाने एक पान बोटावर पसरून पाहिलं आणि जुडीतून काढून टाकलं. पुढच्या जुडीतही तसंच पान होतं.

याचं कारण तिला ठाऊक होतं. लग्नाआधी तिने रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना झाल्यापासून नाल्याचं पाणी कधी जांभळट, कधी तांबूस यायचं, आणि मोठ्या वावराची मोटार त्या नाल्यावरच होती. विहिरीला पाणी उरायचं ते घरापुरतं आणि घरामागच्या एका वाफ्यापुरतं.

पंधरवड्यापूर्वी तिने नाशकात सायबर कॅफेत बसून महापालिकेच्या नव्या संकेतस्थळावर तक्रार टाकली होती. नागरिकांनी कारभारात भाग घ्यावा, असं तिथे वरच लिहिलं होतं. घरात मात्र ती कुणाला काही बोलली नाही. तक्रार कुणालाही वाचता येते, खालच्या नावासकट, हे तिला नंतर कळलं.

अंगणात मोटारसायकल थांबली, तेव्हा तिच्या हातातली जुडी सुटली.

मल्हारी त्या कारखान्यात मुकादम होता. संतोषच्या, तिच्या नवऱ्याच्या, वर्गातला. तो खाटेवर ऐसपैस बसला.

"वहिनी, इंटरनेटवर तुमचं नाव झळकतंय. आमच्या साहेबांनी दाखवलं."

"कसलं नाव?" संतोषने विचारलं.

"नाल्याची तक्रार केलीय रे तुझ्या बायकोनं. आपले बाप बांधावर भांडायचे, वहिनी कॉम्प्युटरवर भांडतात."

संतोष उज्वलाकडे पाहत राहिला. तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"एक बटन दाबायचं, वहिनी. तक्रार मिटली म्हणून. ते तुमच्याशिवाय कुणाला दाबता येत नाय, नायतर मी कशाला तरास दिला असता?" मल्हारीने जुड्यांच्या ढिगाकडे हनुवटी उडवली. "परवा नमुने घ्यायला माणूस येणार. आधी पाण्याचे घेईल, मग भाजीचे. आन् भाजी कुणाची? पंचवटीच्या बाजारात एकदा नाव गेलं का गिऱ्हाईक फिरकत नाय."

मल्हारीची नजर आता अंगणात लंगडी घालणाऱ्या त्यांच्या लेकीकडे, दिशाकडे गेली होती.

"पोरगी मोठी झाली की. फाट्यावर उभी असते सकाळी रिक्षासाठी. पिवळी वॉटरबॅग घेऊन. एकटीच असते."

तो हे मायेने बोलावं तसं बोलला.

उज्वलाच्या सासूबाई, सिंधुबाई, चहा घेऊन आल्या. त्या आतून सगळं ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मल्हारी चहा पिऊन उठला. मळ्यातून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. संतोषने सवयीने ढिगातल्या दोन जुड्या उचलल्या आणि पुढे केल्या.

"ती नको," सिंधुबाई म्हणाल्या. "विहिरीकडची दे. लेकरं हायेत त्याच्या घरात."

संतोषचा हात तसाच राहिला. मल्हारीने त्या जुड्यांकडे पाहिलं, मग सिंधुबाईंकडे. घ्यायला पुढे झालेला हात त्याने हळूच मागे घेतला.

चुलीला जवळ म्हणून सासूबाई घरची भाजी मागच्या वाफ्यातून खुडतात, असंच उज्वला इतके दिवस समजत होती. तिने संतोषकडे पाहिलं. तो खाली बघत होता. आईला त्याने 'का' म्हणून विचारलं नाही.

पहाटे टेम्पो येणार होता. माल दारात रचून तयार होता. उज्वला अंगणात उतरली, दिशाला खांद्याला धरून जवळ घेतलं. तक्रार टाकल्यापासून संतोषला सांगायचं एक वाक्य ती रोज ओठांपर्यंत आणून गिळत होती.

"बटन मी दाबणार नाही, भाऊजी," ती म्हणाली. आवाज कापला, तो तिने कापू दिला. मग ती संतोषकडे वळली. "आणि टेम्पोवाल्याला फोन करा. नाल्याच्या पाण्यावरचा माल उद्यापासून बाजारात जाणार नाही."